केदारनाथची सॅक : चारधामला येणाऱ्या आमच्या प्रवाशांसाठी

सप्रेम नमस्कार,

बुकिंग झालं की बहुतेकांचा पहिला प्रश्न मोठ्या बॅगेचा असतो. आमची विनंती आहे, आधी पाठीवरच्या लहान सॅकचं बघा. केदारनाथला मोठी बॅग येत नाही, ती खाली हॉटेलात राहते. आपली गाडी सोनप्रयागला थांबते. तिथून गौरीकुंडपर्यंत 5 किलोमीटर तिथल्या जीपने आणि पुढे 16 किलोमीटरच्या वर चढण. दर्शन, मुक्काम, दुसऱ्या दिवशी उतरणं. एवढा वेळ सॅकमध्ये असेल तेच तुमचं.

केदारनाथ 3,583 मीटरवर आहे आणि आपलं कळसूबाई 1,646 वर. चढण जिथून सुरू होते ते गौरीकुंडच कळसूबाईच्या माथ्याहून उंच. मे महिन्यात पुण्याच्या उकाड्यात स्वेटर भरायला हात उचलत नाही, पण वर रात्री रजईतसुद्धा कानटोपी काढवत नाही.

गोळ्या अंगावरच ठेवा. आमच्या एका सहलीत एका आजींनी घोडा केला आणि सॅक पिट्ठूकडे, म्हणजे पाठीवर ओझं वाहणाऱ्या हमालाकडे दिली. पिट्ठू पुढे निघून गेला आणि बीपीची गोळी त्याच्याबरोबर गेली. आजी वर पोहोचल्या, सॅकही मिळाली, पण मधले चार तास आमच्या जिवाला घोर होता. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला सांगतो : रोजच्या गोळ्यांचे दोन भाग करा. एक कमरेच्या पाउचमध्ये, दुसरा सॅकमध्ये, बरोबर डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. उंचीच्या त्रासावरची गोळी शेजाऱ्यांनी घेतली म्हणून घेऊ नका, आपल्या डॉक्टरांना विचारा. ओआरएसच्या दोन-तीन पुड्या, बँडेज आणि व्हॅसलिन असू द्या.

छत्री नको, रेनकोट घ्या, तोही पँटसकट. वाट अरुंद, त्यात घोड्यांची ये-जा आणि वारा. छत्री सांभाळता सांभाळता पाय घसरतो. पाऊस कधीही येतो आणि सॅक वरून कितीही चांगली असली तरी शिवणीतून पाणी शिरतंच. म्हणून कपड्यांचा एक जोड, थर्मल आणि दोन जोड मोजे आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, तोंडाला रबरबँड लावा आणि मग सॅकमध्ये ठेवा. संध्याकाळी भिजलेले पाय पुसून कोरडे मोजे घातले की माणसाला हुशारी येते. टॉवेलऐवजी पंचा आणा : हलका आणि लवकर वाळणारा.

बूट नवे कोरे नकोत. घेतलेच तर निदान पंधरा दिवस घरी वापरा.

यात्रेच्या नोंदणीचं पत्र आम्ही छापून देऊ, मूळ आधारकार्ड तुम्ही आणा. दोन्ही प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा. वाटेत रेंज जाते तेव्हा मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत, म्हणून 50 आणि 100 च्या नोटा हव्यात. थंडीत मोबाइल आणि पॉवरबँकही भराभर उतरतात, रात्री ते रजईत घ्या. पहाटेच्या दर्शनासाठी छोटी टॉर्च वेगळी असावी.

खाऊ मूठभरच : चिक्की, खजूर, डिंकाचे दोन लाडू. चढताना भूक मरते, तेव्हा चिक्कीचा तुकडा तोंडात धरून चालत राहता येतं. पाण्याची बाटली बाजूच्या कप्प्यात.

विमानाने येणाऱ्यांनी पॉवरबँक हातातल्या बॅगेत ठेवावी, चेक-इनमध्ये चालत नाही. अडकित्ता आणि कात्री याच्या उलट, चेक-इनमध्ये. पूजेची काडेपेटी दोन्हीकडे बंद आहे, ती तिथेच घेऊ.

सॅक पाच किलोंच्या आत बसवा. आठ दिवस आधी भरा आणि ती पाठीवर घेऊन एकदा सिंहगड चढून या. जे खांद्याला टोचेल ते घरी ठेवा. निघण्याआधीच्या रविवारी सकाळी सॅक घेऊन कार्यालयात या. आम्ही वजन करू, एकेक वस्तू काढून बघू आणि राहिलेलं लिहून देऊ.