मांजरीच्या डोळ्यातला दाब: आकडा येतो कुठून?

मागच्या आठवड्यात नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात आमच्या मनीच्या डोळ्यांतला दाब मोजला. पहिला आकडा आला ३१. डॉक्टरांनी मला तिच्या मानेवरचा हात काढायला लावला, पापणीवर बोट न दाबता ती हाडाच्या कडेवरून उघडली आणि पुन्हा मोजलं. १९! मान आवळली की डोक्याकडून परतणारं रक्त तुंबतं आणि डोळ्यातला दाब चढतो. निरोगी मांजरीत तो साधारण १० ते २५ मिलिमीटर पारा असतो.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात ते यंत्रच घोळत होतं. त्याच्या टोकाला एक बारीक चुंबकी तार, तिच्या पुढे मोहरीएवढा प्लास्टिकचा मणी. बटण दाबलं की तार सुटते, डोळ्याच्या पारपटलावर, म्हणजे समोरच्या पारदर्शक पडद्यावर, टिचकी मारून उसळते. टिचकी इतकी हलकी की भुलीचे थेंबही लागत नाहीत. तारेभोवती वेटोळं असतं. चुंबक हलला की वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो, हे आपण शाळेत शिकलोय. त्याच्या चढउतारावरून तार किती झटकन थांबली ते यंत्राला कळतं. हवा भरलेला फुटबॉल आणि मऊ पडलेला फुटबॉल, तोच फरक: आत दाब जास्त तर तार लवकर थांबते, लवकर परतते. अशा सहा टिचक्या, त्यातली सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान नोंद वगळून सरासरी.

म्हणजे यंत्र दाब मोजतच नाही, थांबणं मोजतं! त्याचा दाब करून देणारं कोष्टक आधी बनवावं लागतं. त्यासाठी डोळ्यात सुई घालून, द्रवाच्या स्तंभाची उंची बदलत आतला दाब हवा तेवढा ठेवतात आणि यंत्र काय दाखवतं ते पाहतात. माणसाच्या पारपटलाचं कोष्टक मांजरीच्या मोठ्या पारपटलाला चालत नाही. पारपटल सपाट करून मोजणारं पेनसारखं यंत्र तर मांजरीत कमी आकडा दाखवतं, आणि दाब जितका जास्त तितकी ही तूट वाढते. नेमकी धोक्याच्या वेळी!

मांजरीचा काचबिंदू, म्हणजे वाढलेल्या दाबाने दृष्टीची नस मारणारा आजार, गुपचूप येतो, बऱ्याचदा डोळ्याच्या आतल्या सुजेमागून. डोळा मोठा दिसू लागला की दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहरी ओवाळणारी घरं मी पंचवटीत पाहिली आहेत. तेवढ्यात आतली दृष्टीची नस मरत असते, आणि मेलेली नस परत येत नाही.

मनीच्या केसपेपरवर मी १९ च्या शेजारी यंत्राचं नावही लिहून घेतलंय. पुढच्या वेळी त्याच यंत्रावर मोजायचं, मानेला हात न लावता.