भर पावसात बारमधून धूर

जुलैतल्या एका सकाळी जांबोटीच्या पुढे, मामाच्या वाडीकडे वळणाऱ्या कच्च्या रस्त्यावर ऐनाचं झाड आडवं झालं होतं. ऐन म्हणजे कन्नडातली मत्ती. खानापूर तालुक्यात दोन्ही नावं चालतात. वनखात्याला कळवून झालं होतं आणि मामेभाऊ चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, घेऊन भिडला होता. पण चार-पाच मिनिटं कापलं की त्याला मशीन बंद करावं लागे. वरून पाऊस कोसळत असतानाही बारमधून, म्हणजे ज्या लांब चपट्या पात्याभोवती चेन फिरते त्यातून, धूर येत होता.

"दादा, इंजिन चांगलं हाय, बारच तापालाय बघ," तो म्हणाला, आणि चाकोरीत साचलेलं पाणी ओंजळीने बारवर ओतलं. चर्र आवाज झाला. मशीन पुन्हा सुरू केलं, दोन मिनिटांत पुन्हा तोच धूर.

पाण्याने बार घटकाभर गार होतो, पण उष्णता तयार होणं थांबत नाही. उलट बारवर उरलंसुरलं तेल असेल तेही धुऊन जातं. म्हणून ही उष्णता येते कुठून, हे आधी समजून घ्यायला हवं.

नेहमीच्या मापाच्या चेनसॉमध्ये इंजिनाने फिरणारी सात दात्यांची गरारी एका फेऱ्यात चेनला सुमारे १३ सेंटिमीटर पुढे ढकलते. मिनिटाला ९,००० फेरे धरले तर सेकंदाला १५० फेरे होतात, म्हणजे चेन सेकंदाला साधारण २० मीटर पळते. ताशी ७२ किलोमीटर! बेळगाव-गोवा रस्त्यावरची गाडी ज्या वेगाने जाते, त्या वेगाने लोखंडावर लोखंड घासत असतं, आणि मध्ये बॉल बेअरिंगसारखं काही नसतं. चेनच्या पोटातल्या दात्या बारच्या खाचेतून जातात आणि कड्या बारच्या दोन्ही कडांवरून घसरत जातात. या दोघांना एकमेकांपासून दूर ठेवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे तेलाचा पातळ थर.

समजा कापताना चेन बारवर १० किलो वजनाइतक्या जोराने दाबली गेली आहे. कोरड्या पोलादावर पोलाद घासताना त्या जोराच्या निम्म्याइतकं घर्षण सहज होतं. वेगाने गुणलं तर ही उष्णता सुमारे १,००० वॉट भरते. अंघोळीचं पाणी तापवायचा विजेचा रॉड बारला बांधून ठेवल्यासारखंच ते. नीट तेल असेल तर घर्षण त्या जोराच्या दहाव्या भागापर्यंत उतरतं आणि तीच उष्णता २०० वॉटच्या आसपास येते. एवढी उष्णता बार अंगावरच्या वाऱ्यात सहज टाकून देतो.

म्हणून आम्ही पहिली शंका तेलावर घेतली. तेलाची टाकी भरलेली होती, आणि मला खटकलं ते तेवढ्यासाठीच. पेट्रोलची टाकी संपत आली की तेलाचीही जवळजवळ संपायला हवी. तसा हिशेबच कारखान्यातून केलेला असतो. पेट्रोल दोनदा भरून झालं तरी तेल तसंच असेल, तर ते चेनपर्यंत पोचत नाही हे उघड आहे. मशीन बंद करून, हातमोजे घालून बार काढला. ज्या बारीक भोकातून पंपाचं तेल खाचेत उतरतं ते भुसा आणि तेलाच्या काल्याने गच्च बुजलेलं होतं. सायकलच्या तारेने भोक मोकळं केलं, पत्र्याच्या पातळ पट्टीने खाच शेवटपर्यंत खरवडली.

त्याच्या टाकीत जळकं ऑईल होतं. गॅरेजवर फुकट मिळतं, म्हणून आपल्याकडे बरेच जण तेच घालतात. पण इंजिनातून काढलेल्या तेलात धातूचा बारीक चुरा असतो, ते घर्षण वाढवतं आणि पंपही झिजवतं. त्यातली काही रसायनं कॅन्सरला कारण ठरू शकतात, आणि चेनवरून उडणारं तेल शेवटी कापणाऱ्याच्याच अंगावर व नाकात जातं. हे मी त्याला पोटतिडकीने सांगितलं. चेनसाठीच्या तेलात चिकटपणा वाढवणारे पदार्थ मुद्दाम घातलेले असतात, कारण बारच्या टोकाला चेन वळताना साधं तेल भिरकावलं जातं. डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी मात्र हेच तेल घट्ट होऊन उशिरा उतरतं, तेव्हा कापायला लागण्याआधी मशीन थोडा वेळ चालवून घ्यावं.

तेल पोचतंय की नाही हे पाहणं अगदी सोपं आहे. ताज्या कापलेल्या ओंडक्याच्या फिकट, कोरड्या भागासमोर बारचं टोक वीतभर अंतरावर धरायचं आणि मशीनचा वेग अर्धा-एक मिनिट वाढवायचा. लाकडावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. आमची उमटली. आणि तरीही कापायला लागल्यावर धूर आलाच.

मग मी खाली पडलेला भुसा हातात घेतला. धारदार चेन ढलप्या टाकते, चिमटीत धरता येतील अशा. इथे मात्र रव्यासारखं पीठ होतं, करपल्याच्या वासाचं. चेनसॉचा दात मुळात करवतीसारखा ओरबाडत नाही, तो रंध्यासारखा तासतो. १९४६ च्या सुमारास अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने एका भुंग्याची अळी लाकूड कशी सहज पोखरते हे निरखलं. तिचे जबडे डावी-उजवीकडे तासत पुढे जातात हे पाहून त्याने तशा आकाराच्या दातांची चेन घडवली. आजच्या चेनचा एक दात डावा, एक उजवा असतो तो त्यामुळेच. असा दात ढलपी काढतो तेव्हा बरीचशी उष्णता ढलपीबरोबर बाहेर पडते. बोथट दात लाकडावर नुसता घासतो, मग माणूस अंगाचा भार देऊन मशीन दाबतो, आणि वरच्या हिशेबातले १० किलो पाहता पाहता २० होतात.

बोथटपणाचं कारण आमच्या पायांखालीच होतं. ओंडका तांबड्या मातीत लोळलेला होता. जांभ्याच्या त्या मातीतले कठीण कण पोलादाची धार काही क्षणांत मारतात. सालीवरचा चिखल आधी कुऱ्हाडीने तासून काढला तर निम्मं काम वाचतं. साग चिखलात न पडताही धार खातो, कारण त्याच्या लाकडातच सिलिका असते. जुन्या बांधावरच्या झाडात कुंपणाची तार किंवा खिळा रुतलेला असेल, तर बोलायलाच नको.

धार लावायची गोल कानस चेनच्या मापाचीच हवी. मामेभाऊ उजव्या दातांवर जोर देऊन आणि डाव्यांवर हलकी कानस मारायचा. त्याने काप एका बाजूला वळतो आणि बारची एकच कड घासून तापते. दोन्हीकडे सारखे हात मारायचे. दातापुढे जो छोटा उंचवटा असतो तो ढलपीची जाडी ठरवतो. बहुतेक चेनमध्ये तो दातापेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली लागतो. दात घासून घासून खाली येतो आणि उंचवटा तसाच राहतो, मग धार असूनही पीठच पडतं. तेव्हा चपट्या कानशीने उंचवटाही उतरवावा लागतो.

चेन उलटी बसली असेल, किंवा चेनचा ब्रेक अर्धवट लागलेला असेल, तरीही धूर येतो. या दोन गोष्टी पाहायला अर्धं मिनिटही लागत नाही.

बारच्या टोकाजवळ निळसर डाग दिसत होता. तापलेल्या पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखाच प्रकाशामुळे रंग दाखवतो. आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा. निळा म्हणजे तिथलं तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं होतं. इतक्या उष्णतेने कडांचा कणखरपणा कमी होऊ शकतो. त्या कडेला बोट लागेल अशी धारदार कोर उठली होती. ती कानशीने काढली आणि बार उलटा करून बसवला, म्हणजे आजवर कमी झिजलेली कड खाली आली. खाच फाकून चेन हलायला लागली असती, तर मात्र नवीन बारच घ्यावा लागला असता.

राहिला ताण. पोलाद दर अंशाला लाखात सव्वा भाग या हिशेबाने वाढतं. अठरा इंची बारची सव्वा मीटर चेन १०० अंशांनी तापली की साधारण दीड मिलिमीटर लांबते. एवढंसं वाटतं, पण ती ढील सगळी खालच्या बाजूला साठली तर झोळ सेंटिमीटरच्या वर दिसतो, मग चेन खाचेत आपटत चालते आणि आणखी तापते. गार असताना चेन बारच्या पोटाला टेकलेली आणि तरी हाताने ओढता येईल इतकी असावी. तापल्यावर आवळली असेल तर काम संपताच सैल करायची, नाहीतर थंड होताना आखडून ती बारला आणि इंजिनाच्या दांड्याला ओढत राहते.

त्यानंतर ऐनाचा बुंधा दोन तासांत मोकळा झाला, एकदाही धूर न निघता. संध्याकाळी पडवीत मशीन टांगण्याआधी मामेभावाने पाना घेऊन चेन सैल केली, आणि सकाळी गार चेन पुन्हा ताणून, ओंडक्यावर तेलाची रेघ पाहून, मगच तो उरलेल्या फांद्यांकडे वळला.