शाळाप्रवेशाची तक्रार: चौकशी कोण करणार, आदेश कोण देणार?

खासगी शाळेने प्रवेश नाकारला, तर १ एप्रिल २०१० पूर्वी पालकांच्या हाती कायद्याचा फारसा आधार नव्हता. महाराष्ट्रात १९८७ पासून कॅपिटेशन फी (प्रवेशासाठी ठरलेल्या शुल्काव्यतिरिक्त घेतलेले पैसे) घ्यायला मनाई होती, पण तो कायदा पैशांपुरता. मुलाची मुलाखत घेऊन त्याला परत पाठवले, तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यायचा आणि ते दखल घेण्याची वाट पाहायची.

२००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांचे शिक्षण मूलभूत हक्क ठरले. त्यातून आलेल्या आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) तक्रार कुठे करायची हे ठरवून दिले. कलम ३२ प्रमाणे लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा जिल्हा परिषदेकडे करायची. दोन्ही बाजू ऐकून ३ महिन्यांत निर्णय व्हायला हवा. तो पटला नाही, तर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे.

गोंधळ होतो तो आयोगाच्या अधिकारांबाबत. २००५ च्या बाल हक्क संरक्षण आयोग कायद्याने आयोगाला साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे, दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. आरटीईच्या कलम ३१ मुळे शिक्षण हक्काच्या तक्रारींची चौकशीही तो करू शकतो. चौकशीनंतर मात्र तो सरकारला शिफारस करतो किंवा निर्देशांसाठी उच्च न्यायालयात जातो. शाळेला दंड करणे त्याच्या हाती नाही. म्हणून पहिला अर्ज थेट आयोगाकडे धाडण्यापेक्षा स्थानिक प्राधिकरणाकडे देऊन पोच घ्यावी. तारखेची ती पोच नसेल, तर ३ महिने कधीपासून मोजायचे यावरच वाद होतो. निर्णयही कारणांसह लेखी मागावा, अपील त्याच्यावरच उभे राहते.

दंडाची वाट आणखी अवघड. मुलाची किंवा पालकांची चाचणी घेतली, तर कलम १३ प्रमाणे पहिल्या वेळी २५,००० आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. कॅपिटेशन फीसाठी घेतलेल्या रकमेच्या १० पटीपर्यंत. पण कलम ३६ म्हणते, शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीशिवाय खटलाच भरता येत नाही. आमच्या मते कायद्याचा सगळ्यात कच्चा दुवा हाच: उल्लंघन सिद्ध करण्याइतके कागद हाती असूनही प्रकरण या मंजुरीपाशी अडू शकते.

तक्रारीआधी शाळेचा दर्जा तपासावा. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरटीईतील वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागा वैध ठरवताना विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळल्या. त्याच न्यायालयाच्या ६ मे २०१४ च्या प्रमती खटल्यातील निकालाने अनुदानित अल्पसंख्याक शाळांनाही सूट मिळाली. त्यांच्याविरुद्ध कलम ३२ चा अर्ज टिकत नाही. उलट, १ किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा आहे म्हणून राखीव जागा नाहीत, हे उत्तर आता चालणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने आणलेली ती सूट मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केली.