पाणी दिलेले कुलूप

मिरकरवाडा बंदरावर सायकल लावून मासळी आणायला जाणाऱ्याच्या कुलपाला चोराहून अधिक त्रास हवेचा होतो. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे अतिसूक्ष्म कण असतात. सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली, की हे मीठ हवेतलेच पाणी ओढून घेते आणि लोखंडावर खाऱ्या पाण्याचा, डोळ्यांना न दिसणारा थर धरते. कोकणात पावसाळ्याचे बहुतेक दिवस आर्द्रता याहून अधिकच असते, म्हणून पडवीत टांगलेले, पावसाचा थेंबही न लागलेले कुलूप आतून गंजते. माझी दोन विकतची कुलपे अशी अडकून बसल्यावर मी स्टीलचे कुलूप स्वतः घडवायला घेतले.

पहिला पेच धातूच्या निवडीचाच होता. ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्यामुळे ते खाऱ्या हवेत चांगले टिकते, परंतु तापवून विझवल्याने ते कठीण होत नाही. उलट ज्या कार्बनी पोलादाला कठीण करता येते, ते खाऱ्या हवेत उघडे ठेवले की लवकर तांबूस होते. कडीसाठी मी ०.४ टक्के कार्बन असलेले ईएन ८ पोलाद घेतले आणि गंजाचा बंदोबस्त बाहेरून करण्याचे ठरवले. सळई १२ ऐवजी १६ मिलिमीटर जाडीची घेतली, कारण कापाव्या लागणाऱ्या छेदाचे क्षेत्रफळ ११३ वरून २०१ चौरस मिलिमीटरवर जाते. जाडी एक तृतीयांशाने वाढली, पण कापणाऱ्याचे काम पाऊणपटीहून अधिक वाढले.

सळई लाल तापवून यू आकारात वाकवणे, दोन्ही टोकांना बोल्ट बसण्यासाठी खाचा पाडणे, ही सगळी कामे पोलाद मऊ असतानाच उरकावी लागतात. त्यानंतरची क्रिया कोकणातल्या प्रत्येक लोहाराला ठाऊक आहे: कोयत्याला तो ‘पाणी देतो’, तेच कडीला द्यायचे. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलाद लोहचुंबकाला चिकटेनासे होते. त्याहून थोडे पुढे, ८४० अंशांच्या आसपास, लोखंडाच्या अणूंची मांडणी अशी बदललेली असते की तिच्यात कार्बन सहज सामावतो. सावकाश थंड केल्यास कार्बन बाहेर पडतो, मात्र एकदम विझवल्यास तो आतच कोंडला जातो आणि त्याच्यामुळे ताणलेली, वाकडी झालेली ही रचना, म्हणजे मार्टेन्साइट, इतकी कठीण असते की तिच्यावरून कानस घसरते. ती ठिसूळही असते. हातोड्याच्या एका घावात कडी तुटू नये म्हणून ती घासून चकचकीत केली आणि पृष्ठभागावर निळी झाक येईपर्यंत, म्हणजे सुमारे ३०० अंशांपर्यंत, पुन्हा तापवली. मार्टेन्साइटला मूळ पोलादापेक्षा किंचित अधिक जागा लागते आणि विझवताना कडीचे पाय थोडे फाकतात; त्यासाठी कुलपाचे अंग असलेल्या पोलादी नळीतली, पाय शिरण्याची भोके ०.३ मिलिमीटर सैल ठेवली होती. तरीही ग्राइंडरची चाकती ही कडी कापतेच, कारण चाकतीतले अपघर्षक कण कोणत्याही पोलादाहून कठीण असतात. दोन्ही पाय स्वतंत्र बोल्टने अडकवल्यामुळे मात्र तिला एकाऐवजी दोन काप घ्यावे लागतात.

खरी हुशारी किल्लीच्या भागात लागते. लायनस येल यांच्या १८६१च्या पेटंटमधील रचनेवर आधारलेल्या नेहमीच्या कुलपात पिनांच्या जोड्या आणि त्यांना दाबणाऱ्या केसासारख्या स्प्रिंगा असतात. गंजाला मूळ लोखंडाच्या निदान दुप्पट जागा लागते, त्यामुळे पिनेभोवतीची मिलिमीटरच्या काही शतांश भागांची फट भरते आणि स्प्रिंगही मरते. फिनलंडच्या एमिल हेन्रिकसन यांनी १९०७ मध्ये शोधलेल्या रचनेत स्प्रिंगेवर चालणाऱ्या पिना नाहीत, चकत्या आहेत. मी २ मिलिमीटर पितळी पत्र्याच्या सहा चकत्या एकाच दांड्यावर घट्ट आवळून लेथवर एकदम घासल्या, म्हणजे सगळ्यांचा व्यास तंतोतंत सारखा येतो. प्रत्येकीच्या मध्ये अर्धगोल भोक आणि कडेला, प्रत्येकीत निराळ्या कोनावर, एक खाच आहे. अर्धगोल किल्ली ज्या जागी जास्त कोनात कानसलेली असते, तिथली चकती उशिरा फिरू लागते आणि म्हणून कमी फिरते. सहाही खाचा एका रेषेत आल्या, की नळीच्या चरातली आडवी सळी त्यांच्यात उतरते आणि सारा गठ्ठा फिरून बोल्ट मागे ओढतो. पाच कोन आणि सहा चकत्यांतून १५,६२५ वेगळ्या किल्ल्या संभवतात. चकत्यांमध्ये पातळ, न फिरणारे वायसर घालणे अगत्याचे आहे. ते नसतील तर एक चकती शेजारचीला ओढत नेते.

पितळ आणि पोलाद खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले, की पोलाद आधी झिजते. यांत्रिक नौकांच्या बुडाला जस्ताचे ठोकळे लावतात ते याच नियमाच्या आधाराने, कारण जस्त स्वतः झिजून पोलादाला वाचवते. इथे पोलादी नळीचे क्षेत्रफळ मोठे आणि पितळ थोडे असल्यामुळे झीज पसरते व मंदावते. पितळी नळीत बारीक पोलादी पिन बसवली असती, तर ती पिनच आधी गेली असती. कडीवर आणि नळीवर बाहेरून जस्तयुक्त प्रायमर देऊन वर रंग चढवला आणि नळीच्या तळाला पाणी निथळण्यासाठी ३ मिलिमीटरचे भोक ठेवले. आपल्याकडे कुलपात खोबरेल सोडण्याची सवय आहे, परंतु ते २४ अंशांच्या खाली थिजते आणि पौषातल्या पहाटे चकत्या जड फिरतात. शिवणयंत्राचे पातळ तेल त्याहून बरे. सायकलला कुलूप लावताना किल्लीचे भोक नेहमी खालच्या बाजूला ठेवावे.