किमान वेतनाचा वाद आणि सुपातली विडी

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दर जानेवारीत आणि जुलैत एकच विचारणा असते : महागाईप्रमाणे बदलणारा नवा विशेष भत्ता किती आला? किमान वेतन म्हणजे हा आकडा, असंच आपण धरून चालतो. खरं भांडण मात्र आकड्यापेक्षा मापावर जास्त झालंय, आणि ते समजून घ्यायचं तर नाशिकहून सिन्नरला जावं लागतं.

मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवून कातरलेली टेंभुर्णीची पानं. बाई विडी वळते आणि मजुरी मिळते हजारावर. कारखानदाराचा माणूस माल तपासतो, वाकडी-सैल विडी बाजूला काढतो. ती ‘छाट’. छाटीचे पैसे नाहीत. म्हणजे हजारी दर सरकारने कितीही ठरवला तरी हजार म्हणजे किती, हे तपासणाऱ्याच्या हातात.

किमान वेतन कायद्याचं विधेयक एप्रिल 1946 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मांडलं, तेव्हा ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. कायदा 15 मार्च 1948 पासून लागू झाला. न्यूझीलंडने असा कायदा 1894 मध्येच केला होता. आपल्याकडे तो सरसकट नव्हता. अनुसूचीत नाव असलेल्या धंद्यांपुरताच. तेलघाणे, भातगिरण्या, खडी फोडणं, शेती, आणि पहिल्यापासून विडी.

आकडा काढायचा कसा, हे 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने सांगितलं : एका कमावत्यामागे, त्याला धरून, 3 प्रौढांइतकं खाणं, दर प्रौढाला 2700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, वर घरभाडं आणि सरपण. धंद्याला परवडत नाही, ही मालकांची हरकत तेव्हाही होती. त्यावर 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, किमान वेतनही देता येत नसेल तर त्या उद्योगाला चालू राहण्याचा हक्क नाही. इतक्या रोखठोक भाषेनंतर वाद मिटायला हवा होता.

तो मिटला नाही, कारण विडी आडवी आली. विदर्भासाठीच्या अधिसूचनेत मुंबई सरकारने दराबरोबर छाटीचेही नियम घातले होते. गोंदियाच्या विडी व्यापाऱ्यांची संघटना न्यायालयात गेली आणि 1961 मध्ये जिंकली : हा कायदा दर ठरवायला आहे, छाटीचे तंटे सोडवायला नाही. त्याच सुमारास दुसऱ्या एका खटल्यात, हवं तेव्हा येऊन हवं तेव्हा जाणारा विडी वळणारा फॅक्टरी कायद्याखाली ‘कामगार’च नव्हे, असा निकाल लागला. ही मोकळीक किती खरी, हे दिवेलागणीला सुपाशी बसलेल्या बाईला विचारायला हवं होतं.

आपल्याकडच्या पट्ट्यातला निकाल 1962 चा : भिकुसा यमासा क्षत्रिय विरुद्ध संगमनेर-अकोला तालुका विडी कामगार युनियन. अकोला म्हणजे आजचं अकोले. पहिलं नाव नाशिककरांना बीवायके कॉलेजच्या पाटीमुळे ओळखीचं. वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळे किमान दर ठरवता येतात, हे तिथे मान्य झालं. आजची परिमंडळं, म्हणजे वेगळ्या दरांसाठी पाडलेले भाग, याच तत्त्वावर उभी आहेत. पोट मात्र महापालिकेची हद्द ओळखत नाही.

छाटीवरचा उतारा 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्यात आला. कच्चा माल किती दिला, विडी का नाकारली, नाकारलेल्या मालाचे पैसे द्यायचे का, या तंट्यांना त्यात जागा मिळाली आणि घरी बसून वळणारीही कामगार ठरली. मला विचाराल तर किमान वेतनाच्या इतिहासात या साध्या कलमाला कुठल्याही आकड्याइतकंच मोल आहे. पुढे 1982 मध्ये, दिल्लीच्या एशियाडच्या बांधकामांवरच्या खटल्यात, किमान वेतनापेक्षा कमी देणं म्हणजे घटनेच्या 23 व्या कलमाने बंदी घातलेली वेठबिगारी, असं न्यायालयाने ठरवलं.

आता किमान वेतनाचा आणि विडी-सिगारचा, हे दोन्ही कायदे 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांत विरघळले आहेत. धंद्यांची अनुसूची गेली, किमान वेतन सगळ्यांना लागू झालं. तळाचा दर केंद्राने ठरवायचा, राज्याने त्याखाली जायचं नाही. तो किती असावा यावर दिल्लीत खल चालतो. इकडे छाटणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. काम उक्तं, एकरावर. भाव मुकादम आणि बागायतदार बांधावर उभे राहून ठरवतात. एका एकराला किती माणसं आणि किती तास लागले, हे कुणी लिहून ठेवत नाही.