कालावधी मोजणाऱ्या वेगळ्या घड्याळाची पार्श्वभूमी

एखाद्या कामाला प्रोग्रामने किती वेळ घेतला हे पाहायचे, तर सुरुवातीची वेळ टिपायची आणि शेवटच्या वेळेतून ती वजा करायची, ही रीत इतकी रुळली आहे की तिच्यात खोट असेल अशी शंका सहसा येत नाही. मात्र संगणकाचे नेहमीचे घड्याळ किती वाजले हे सांगण्यासाठी असते आणि ते बरोबर राहावे म्हणून नेटवर्कवरून अचूक वेळ मिळवणारी एनटीपीसारखी यंत्रणा गरजेनुसार त्याचे काटे पुढेमागे करते.

त्यात १९७२ पासून पृथ्वीच्या परिवलनाशी मेळ राखण्यासाठी जागतिक प्रमाणवेळेत अधूनमधून एक जादा सेकंद, म्हणजे लीप सेकंदही, घातला जाऊ लागला. युनिक्स या संगणकप्रणालीच्या कालगणनेत प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचाच धरलेला असल्याने या जादा सेकंदाला तिथे जागाच नाही; त्यामुळे अनेक यंत्रणा त्या क्षणी घड्याळ एक सेकंद मागे घेतात.

१ जानेवारी २०१७ रोजी भारतात पहाटेचे साडेपाच वाजण्याच्या बेतात असताना असाच सेकंद घातला गेला आणि क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीची डीएनएस सेवा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा, अंशतः बिघडली. गो भाषेत लिहिलेला त्यांचा प्रोग्राम सर्व्हरच्या उत्तराला लागलेला वेळ वजाबाकीने काढत होता. ती वजाबाकी उणे आली आणि त्यामुळे यादृच्छिक संख्या देणाऱ्या फंक्शनला उणे मर्यादा मिळताच त्याने पॅनिक केले, म्हणजे काम अचानक थांबवले. कोडमध्ये आकडा शून्य आहे का एवढेच तपासले होते; दुरुस्ती करताना ती तुलना ‘शून्य किंवा त्याहून कमी’ अशी करावी लागली.

खेदाची गोष्ट ही की यावरचा उपाय, म्हणजे कधीही मागे न जाणारे मोनोटॉनिक घड्याळ, तेव्हा नवा नव्हता. जावात नॅनोटाइम २००४ मध्ये, सी++ मध्ये स्टेडी क्लॉक २०११ मध्ये आणि पायथनमध्ये तशीच सोय २०१२ मध्ये आली होती. गोने ऑगस्ट २०१७ मधील १.९ आवृत्तीत वेळेच्या मूल्यातच या मोनोटॉनिक घड्याळाची नोंद ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे जुना कोड न बदलताही वजाबाकी बरोबर येऊ लागली. ते मूल्य डेटाबेसमध्ये किंवा जेसन या मजकूररूपी माहितीच्या स्वरूपात साठवून परत वाचले, तर मात्र ही नोंद गळून पडते आणि हिशेब पुन्हा जुन्याच घड्याळावर येतो.

२०३५ पर्यंत लीप सेकंदाची आजची पद्धत बदलण्याचा ठराव वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२२ मध्ये केला आहे. एनटीपीच्या दुरुस्त्या आणि हाताने बदललेली घड्याळे त्यानंतरही राहणारच आहेत.