वेतविणीच्या खुर्च्यांची दुरुस्ती

लाकडी चौकटीवर वेताच्या पट्ट्यांची जाळी विणून केलेली बैठक फाटली वा सैल झाली, की ती उसवून नव्याने विणणे आणि त्याच वेळी खुर्चीचे सांधे, लाकूड व पॉलिश पूर्ववत करणे, असे या कामाचे स्वरूप आहे. अशी खुर्ची घडवतानाच बैठक कधीतरी बदलावी लागणार हे गृहीत धरलेले असते. साग-शिसवीची चौकट शंभर वर्षे टिकते. वेत मात्र त्याआधीच, बहुधा कडेच्या भोकांपाशी, तुटतो.

वेत म्हणजे बांबू नव्हे. बांबू हे पोकळ गवत, तर वेत ही ताडाच्या कुळातली, काट्यांच्या आधाराने झाडांवर चढणारी भरीव वेल. तिच्या बहुतेक जाती कॅलॅमस या प्रजातीत येतात. सह्याद्रीच्या दाट रानांत आणि ईशान्य भारतात वेत उगवतो. जगात सर्वाधिक वेत मात्र इंडोनेशियातून येतो. जुन्या शाळांतली गुरुजींची छडी याच वेलीची, आणि बैठकीची जाळी तिच्या चकचकीत सालीची. साल सोलून एकसारख्या रुंदीच्या पट्ट्या काढतात. उरलेल्या गाभ्याच्या गोल काड्या टोपल्यांना लागतात.

आशियातला वेत सतराव्या शतकात व्यापारी जहाजांतून युरोपात पोहोचला आणि तिथल्या सुतारांनी तो खुर्च्यांना लावला. वसाहतींच्या काळात त्या घडणीच्या खुर्च्या भारतात रुळल्या, त्याचे कारण हवामान. कापूस भरलेली गादी घामाने ओलसर राहते, तिच्यात ढेकूण होतात. जाळीतून वारा खेळतो. कचेरीतली साहेबाची खुर्ची, कोकण-गोव्यातल्या घरांच्या पडवीतली लांब हातांची आरामखुर्ची, दोन्ही या जाळीवर विसावल्या. व्हिएन्नातल्या मिखाएल थोनेटची १८५९ मधली १४ क्रमांकाची खुर्ची तर वाफेने वाकवलेले सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यावर उभी होती, आणि तिची बैठक बहुधा वेताचीच असे.

दुरुस्तीला आलेली खुर्ची आधी उलटी करून पाहावी. बैठकीच्या कडेला भोके असतील तर जाळी हाताने विणलेली आहे. भोके नसून सलग खाच असेल, तर यंत्रावर विणलेली तयार जाळी त्या खाचेत दाबून वर काडी बसवलेली असते. ही काडी भिजवून, पटाशीने उचलून काढावी लागते. खाच साफ झाल्यावर भिजवलेली नवी जाळी पाचरींनी आत दाबतात आणि सरस लावून नवी काडी ठोकतात. हे काम तुलनेने सोपे आहे.

हातविणीत सगळा हिशेब भोकांचा. एका बैठकीला साधारण ७० ते ९० भोके असतात आणि दोन भोकांमधल्या अंतरावरून पट्टीची रुंदी ठरते: अंतर अर्ध्या इंचाचे असेल तर सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास, पाऊण इंचाचे असेल तर तीन मिलिमीटर. रुंद पट्टी घेतली तर शेवटच्या फेऱ्यांना भोकात जागाच उरत नाही. पट्टी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवतात. फार वेळ ठेवली तर काळवंडते.

पहिली फेरी पाठीकडून पुढे, मधल्या भोकापासून दोन्ही बाजूंना; टोके लाकडी खुंट्यांनी अडकवून ठेवतात. दुसरी फेरी तिच्यावर आडवी, नुसती टाकलेली. तिसरी पुन्हा उभी, पहिलीच्याच भोकांतून पण किंचित बाजूला सरकवून. खरी वीण चौथ्या फेरीत सुरू होते: आडवी पट्टी पहिल्या थराच्या खालून आणि तिसऱ्या थराच्या वरून जाते, आणि आतापर्यंत सैल असलेले सगळे एकदम घट्ट होते. पाचवी आणि सहावी फेरी तिरपी. एक तिरपी उभ्या जोड्यांच्या वरून व आडव्यांच्या खालून गेली, की दुसरी बरोबर उलट जाते. दिशा बरोबर असेल तर पट्टी लोण्यातून गेल्यासारखी सरकते. चुकली तर दर जोडीशी अडखळते आणि कडा सोलतात. या दोन तिरप्या फेऱ्यांनी जाळीला ओळखीची आठकोनी छिद्रे पडतात. शेवटी रुंद पट्टीची किनार भोके झाकते. सराईत हातालाही एका बैठकीला पूर्ण दिवस सहज लागतो.

ही वीण डोळ्यांपेक्षा बोटांना अधिक कळते. त्यामुळे भारतातल्या अंधांच्या व्यवसायशिक्षणात खुर्च्या विणण्याला दीर्घकाळ स्थान आहे, आणि सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या अनेक ठिकाणी अंध कारागीरच विणत आले.

सांधे विणीआधी पक्के करावे लागतात, कारण वाळताना ओढली जाणारी जाळी ढिल्या चौकटीला वाकडे करते. जुन्या खुर्च्यांत सरस असतो. तो उष्णतेने व ओलाव्याने सुटतो, म्हणून सांधा न मोडता उकलता येतो. पांढऱ्या डिंकाने चिकटवलेला सांधा असा सहज सुटत नाही. जुने पॉलिश बहुधा स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे, म्हणजे लाखेचे. ते खरवडून काढण्याची घाई करू नये. पुष्कळदा नवा हात फिरवला तरी पुरते.

बैठक फक्त सैल असेल, तुटलेली नसेल, तर विणायची गरजच नाही. खुर्ची उलटी करून जाळीच्या खालच्या बाजूला गरम पाण्याचा ओला कपडा ठेवावा आणि रात्रभर सावलीत वाळू द्यावी. वरची बाजू चकचकीत असल्याने पाणी घेत नाही, म्हणून खालूनच. वाळताना वेत आवळतो.

सर्वात मोठे नुकसान करते ती चुकीची दुरुस्ती. फाटलेल्या जाळीवर प्लायवूडचा तुकडा खिळ्यांनी ठोकला, की भोकांची कड चिरते, आणि पुढे कुणी विणायला घेतली तरी ओढ सोसत नाही. अशी भोके लाकडी खुंट्यांनी बुजवून गिरमिटाने पुन्हा पाडावी लागतात. त्या मानाने प्लास्टिकच्या पट्टीची वीण बरी. दिसायला ती वेताची बरोबरी करत नाही आणि घामाला चिकटते, पण चौकट शाबूत ठेवते.

नवी बैठक जुन्या पाठीशेजारी फिकट दिसते. चहाच्या पाण्याने किंवा रंगाने ती गडद करणारे कारागीर आहेत, पण तो रंग डागाळतो. तशीच ठेवली तर उजेडाने काही वर्षांत ती आपोआप मधासारखी पिवळसर तपकिरी होते.